ला विलातची वरची वाट

नादेज तिक्सिएला मोटार चालवता येत नव्हती. फ्रान्समधल्या आमच्या क्रझकडच्या खेड्यापाड्यांत ज्याला मोटार चालवता येत नाही, त्याची गणती एक तर पोरांत होते, नाही तर म्हाताऱ्यांत. तिनं परीक्षा दिलीच नव्हती असं नाही. तरुणपणी तीनदा दिली. पहिल्या खेपेला कोंबडी आडवी आली म्हणून तिनं असा काही ब्रेक दाबला, की परीक्षकाचा चष्मा उडून तिच्या मांडीवर पडला. दुसऱ्या खेपेला कोंबडी आली नाही, पण येईल या धास्तीनं तिनं गाडी पायी चालल्यासारखी नेली. तिसऱ्या खेपेला पुन्हा तोच परीक्षक समोर. तिनं किल्ली त्याच्या हातात ठेवली, म्हणाली, "साहेब, तुमचा चष्मा सांभाळा," आणि सायकलवर टांग मारून घरी आली. त्यानंतर पुन्हा कधी त्या वाटेला गेली नाही. नादेजचं असंच होतं. एकदा हो म्हणाली की हो, नाही म्हणाली की नाही.

काम तिचं असं, की एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, त्यांना अंघोळ घालायची, चूल पेटवायची, सूप करून ठेवायचं, गोळ्या हातावर द्यायच्या. ती राहायची ला विलात नावाच्या वाडीत. तिथून खाली पूझची वाडी, आणि पूझच्या पुढं शांबरोल गाव, जिथं चर्च, पंचायत, बेकरी असं सगळं. या तीन ठिकाणांत तिची म्हातारी माणसं विखुरलेली होती. वीस-बावीस वर्षं ती त्यांच्याकडे सायकलवरून जात आली. पुढच्या टोपलीत एप्रन नि रबरी हातमोजे, मागच्या कॅरिअरला कुणाची औषधं, कुणाचा पाव.

रस्ता एकच, सरकारी डांबरी. पूर्वी त्यावर दिवसभरात दुधाचा टँकर, पोस्टाची पिवळी गाडी आणि चुकला-माकला पाहुणा एवढंच जायचं. पण वरच्या पठारावर आमच्या आजोबांच्या पिढीनं लावलेली फरच्या झाडांची जंगलं एकदम तोडणीला आली, आणि रस्ता ओंडक्यांच्या ट्रकांनी भरून गेला. एकेक ट्रक घराएवढा. वळणावर आला की त्याची शेपूट पलीकडच्या गवतावरून फिरायची. गंमत अशी, की नादेजचा नवरा तिएरी खालच्या सॉमिलमध्येच, लाकडं कापायच्या गिरणीत, कामाला. हे ट्रक त्याच्याच गिरणीत रिकामे व्हायचे.

"तुझे ट्रक मला एक दिवस चपटी करणार," ती म्हणायची.

"माझे कसले? मी फळ्या रचतो," तिएरी म्हणायचा. बोलण्यात तो कंजूष होता.

नोव्हेंबरातल्या एका धुकट सकाळी, पूझच्या अलीकडच्या वळणावर, मागून ट्रक आला. धडक अशी लागली नाही. त्याच्या वाऱ्यानंच तिला उचललं आणि सायकलीसकट चरात फेकलं. ड्रायव्हरला कळलंही नाही. चरात बर्फासारखं पाणी होतं. नादेज त्यात पाठीवर पडून राहिली, आणि तिला पहिल्यांदा काय आठवलं तर पूझच्या म्हाताऱ्या मादाम कूलोदाँची चूल अजून पेटायची आहे. उठायला गेली तेव्हा डाव्या खांद्याजवळ कट्कन वाजलं. गळ्याखालचं आडवं हाड मोडलं होतं.

हाड सांधायला अर्धा हिवाळा लागला. झोळीत हात घालून ती घरात बसली. तिच्या जागी मोटार असलेली एक तरुण मुलगी नेमली गेली. मग एक दिवस व्हिर्जिनी घरी आली. तिच्या हाताखाली नादेजसारख्या दहा-बारा बायका काम करायच्या. बाई वाईट नव्हती. कॉफीचा कप हातात घेऊन अवघडून बसली.

"नादेज, राग मानू नका. पण तुम्हाला मी पुन्हा त्या रस्त्यावर सायकलनं पाठवणार नाही. उद्या काही झालं तर मी तोंड कुणाला दाखवू? शांबरोलच्या वृद्धाश्रमात धुलाईत जागा आहे. आत, उबेत. तिएरी सकाळी सोडतील तुम्हाला."

"माझी माणसं?"

"त्यांना बघणारं आहे कुणीतरी."

"कुणीतरी," नादेज म्हणाली. "मी रस्त्यानं नाही आले तर चालेल ना?"

"मग काय उडत येणार आहात?"

नादेजनं तो प्रश्न सोडला नाही.

एक हात झोळीतच ठेवून ती धुलाईत जाऊ लागली, दुसऱ्या हातानं कपड्यांच्या घड्या घालायला. रविवारी तिएरीला गाडी काढायला लावून मादाम कूलोदाँला भेटायला गेली. पूझची ही म्हातारी नव्वदीला टेकलेली, कमरेत वाकलेली, पण जीभ अजून ताठ. खुर्चीत बसूनच तिनं नादेजला वरून खाली न्याहाळलं.

"नवी पोरगी घड्याळाकडे बघत सूप ढवळते," ती म्हणाली. "तू कधी येतेस?"

"रस्त्यावर येऊ देत नाहीत मला."

"मग वरच्या वाटेनं ये. आम्ही शांबरोलच्या जत्रेला गाई घेऊन त्याच वाटेनं जायचो. दोन्ही बाजूंनी दगडी बांध, वर चेस्टनटची सावली. खालचा रस्ता मोटारवाल्यांसाठी होता. आमच्याकडे मोटारी कुठं होत्या?"

"ती वाट आता राहिली कुठंय, मादाम?"

"आहे तिथंच असेल की. वाटेला काय पाय असतात?"

तिएरी गाडी वळवेपर्यंत नादेज घरामागच्या चढावर जाऊन उभी राहिली. वाट तिथूनच जायची हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. आता तिथं ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्यांची भिंत होती, माणसाच्या डोक्याहून उंच. तिनं चांगला हात जाळीत घातला. हाताला शेवाळलेला बांधाचा दगड लागला. आणखी आत, दुसराही लागला. गाडीत येऊन बसली तेव्हा तिच्या मनगटातून रक्त येत होतं आणि चेहरा उजळला होता.

"कोयत्याला धार लावून देशील?" तिनं विचारलं.

तिएरीनं तिच्याकडे पाहिलं, झोळीतल्या हाताकडे पाहिलं, आणि गाडी सुरू केली. संध्याकाळी त्यानं कोयत्याला धार लावून दिली.

झोळी सुटली तशी तिनं सुरुवात केली. धुलाईतून दुपारी सुटली की कोयता, जाड हातमोजे, आणि डोक्यावर तिएरीची शिकारीची भगवी टोपी, कारण हिवाळ्यात आमच्याकडे रानडुकरांच्या मागे बंदुका फिरत असतात, आणि झुडपात हलणारं काहीही त्यांना डुक्करच दिसतं. ला विलातच्या टोकाकडून ती घुसली. उजव्या हातानं तोडायचं, पायानं दाबायचं, दाताळ्यानं ओढून बाजूला करायचं. पहिल्या दिवशी संध्याकाळी तिनं वळून पाहिलं, तर खाटेएवढी जागा मोकळी झाली होती.

पावाची गाडी वाडीत आली की बायका तिच्याभोवती जमायच्या. तिथं नादेजच्या वाटेवर रोज चर्चा व्हायची.

"कुठवर आली गं तुझी हमरस्त्याची कामं?"

"हेझलच्या झाडापर्यंत."

"काल पण हेझलच्या झाडापर्यंतच होती."

"काल झाडाच्या अलीकडे होते. आज पलीकडे."

"या वेगानं तू शांबरोलला पोचशील तेव्हा तुलाच कुणीतरी अंघोळ घालायला लागेल."

"मग तिला यायला बरी वाट असेल," नादेज म्हणायची आणि काखेत पाव मारून चालू लागायची.

पूझच्या वर एक मोठा चेस्टनट वादळात वाटेवर आडवा पडलेला होता. बुंधा तिच्या छातीएवढा. कोयत्याचं ते कामच नव्हतं. तिनं त्याच्या अलीकडून साफ केलं, मग फांद्यांमधून रांगत पलीकडे गेली आणि तिथून पुढं साफ करायला लागली. एका शनिवारी तिला मागून यंत्राचा आवाज ऐकू आला. तिएरी पेट्रोलवरची करवत घेऊन बुंध्याशी उभा होता. कानांवर आवाज अडवायची मोठी झाकणं, तोंड आंबट.

"आमच्या गिरणीच्या ट्रकांपासून पळायला माझीच बायको रान कापतेय, आणि मी तिला मदत करतोय," तो म्हणाला. "गिरणीत हसतात मला."

"मग कशाला आलास?"

"लाकूड चांगलं आहे. कुजेल इथं."

त्यानं बुंध्याचे तुकडे केले. एकही तुकडा घरी नेला नाही. बांध जिथं ढासळला होता तिथं ते रचून ठेवले. त्यानंतर तो जवळजवळ दर शनिवारी येऊ लागला, दर वेळी काहीतरी वेगळं कारण सांगून.

थंडी सरता सरता वाट मोकळी झाली, एक तुकडा सोडून. पूझ आणि शांबरोलच्या मधे ती रेजिस ग्लोमोच्या कुरणातून जायची. ग्लोमोच्या वडिलांनी कधीतरी दोन्ही बाजूंचे बांध पाडून ती कुरणात मिसळून टाकली होती, आणि दोन्ही टोकांना काटेरी तारा ठोकल्या होत्या. आत ग्लोमोच्या तांबूस गाई चरायच्या. नादेज आणि ग्लोमो शाळेत एका बाकावर बसलेले. ती सरळ त्याच्या गोठ्यात गेली.

"रेजिस, वाट मोकळी करून दे."

"कुठली वाट? तिथं गवत आहे. गवतावर माझ्या गाई आहेत." तो गव्हाणीत गवत टाकत राहिला. "तुझ्या सायकलसाठी माझ्या गाभण गाई मी वाऱ्यावर सोडू होय?"

"वाट गावाची आहे. सगळ्यांना माहितीय. तुलाही."

"मग गावालाच विचार. मी ती विकत मागितलीय पंचायतीकडे. पुढच्या सभेत मंजूर होईल."

हे नादेजला ठाऊक नव्हतं. ती तशीच सायकल हाकत सरपंच लाक्रोककडे गेली. सरपंच भला माणूस, सगळ्यांशी गोड, त्यामुळे कुणाच्याच उपयोगाचा नाही.

"नादेज, तुझं बरोबर आहे," तो म्हणाला. "ग्लोमोचंही चुकीचं नाही. चाळीस वर्षं कुणी तिकडे फिरकलं नाही. एका सायकलसाठी गावात भांडण लावायचं का?"

"मग एका माणसासाठी गावाची वाट विकायची का?"

सरपंचानं तिला सभेला यायला सांगितलं.

पंचायतीच्या सभेला गावकऱ्यांनी बसायचं, बोलायचं नाही, असा नियम आहे. नादेज मागच्या बाकावर बसली. विषय निघाला, सरपंचानं घाईघाईनं वाचला, आणि हात वर करायला सांगणार तेवढ्यात ती उभी राहिली.

"नादेज, नियमानं तुला..."

"नियम मोडतेय. नंतर दंड करा." ती बसली नाही. "या खोलीत बसलेल्या प्रत्येकाच्या आईला नाहीतर बापाला मी अंघोळ घातलीय. काहींच्या दोघांनाही. मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही. आता मागते. ही वाट विकू नका. खालच्या रस्त्यावर आज मी पडले. उद्या तुमची पोरं सायकल शिकणार आहेत. ती कुठं चालवणार?"

ग्लोमो दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता. तो जमिनीकडे पाहत होता. मत घेतलं, आणि वाट न विकण्याच्या बाजूनं हात जास्त निघाले. पण ग्लोमोला तारा काढायला सांगा, असं म्हणण्याची छाती कुणाचीच झाली नाही. म्हणजे निकाल असा लागला, की वाट गावाची आणि तार ग्लोमोची.

दुसऱ्या आठवड्यात नादेजनं व्हिर्जिनीला बोलावून आणलं. ती शहरी बुटांत आली. ला विलातपासून सगळी वाट तिनं चालून पाहिली. दोनदा घसरली.

"पावसात काय कराल?"

"रेनकोट घालीन."

"धुक्यात?"

"धुक्यात इथं कोण येतंय अंगावर? झाडं जागची हलत नाहीत."

ग्लोमोच्या तारेपाशी येऊन व्हिर्जिनी थांबली. "आणि हे?"

"हे माझ्याकडे लागलं," नादेज म्हणाली.

व्हिर्जिनीनं बुटाचा चिखल गवताला पुसला, बराच वेळ पुसला. मग म्हणाली, "सोमवारपासून या. पण खालच्या रस्त्यावर एकदा जरी दिसलात, तर परत धुलाई."

त्या सोमवारपासून नादेजनं जे सुरू केलं त्याची आमच्याकडे अजून आठवण काढतात. तारेपाशी यायची. टोपली काढून तारेपलीकडे ठेवायची. मग सायकल डोक्यावर उचलून पलीकडे उतरवायची, आणि स्वतः खालच्या तारेखालून पोटावर सरपटत जायची. कुरण ओलांडायचं, आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा तेच. संध्याकाळी परत येताना आणखी दोनदा. तारेला तिनं कधी वाकवलं नाही, खुंट हलवला नाही. एकदा फांदी पडून तार तुटलेली दिसली तर पीळ घालून जोडली आणि मग पोटावर सरपटली. गाईंना सवय झाली. त्या मानही वर करीनाशा झाल्या. सवय झाली नाही ती ग्लोमोला. तो ट्रॅक्टरवरून बघायचा आणि तोंड फिरवायचा.

"तुझ्या एप्रनला शेण लागलंय," मादाम कूलोदाँ तिला म्हणायची.

"ग्लोमोच्या गाईंचं आहे."

"त्याच्या बापाचं डोकंही असंच होतं. शेणानं भरलेलं. पण माणूस रडवा होता, हं. दगडासारखा दिसायचा आणि पोर पडलं तरी रडायचा."

उन्हाळा असाच गेला. सप्टेंबरात ब्लॅकबेरी पिकल्या, रात्रीच्या पावसानं गवत निसरडं झालं. एका सकाळी सायकल वर उचलताना नादेजचा पाय घसरला. सायकल तारेवर आडवी पडली आणि तिथंच लटकली, नादेजची बाही काट्यांत गुंतली, आणि सगळा भार डाव्या खांद्यावर आला. जुन्या हाडात अशी कळ गेली, की डोळ्यांपुढं काळोख आला. ती गुडघ्यांवर बसली, एक हात वर तारेला टांगलेला. ओरडली नाही. ओरडणं तिच्या स्वभावात नव्हतं.

ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज आला. ग्लोमो उतरून हळूहळू चालत आला.

"काय गं, स्वतःलाच वाळत घातलंस काय?"

"आधी हसून घे. मग पक्कड आण."

"पक्कड कशाला? रोज जातेस तशी जा की खालून."

"हात खाली येत नाही, रेजिस."

तो जवळ आला, तेव्हा त्यानं तिचा चेहरा पाहिला. पांढराफटक, ओठ दातांखाली. त्यानं बाही सोडवायचा प्रयत्न केला, पण तार ताणलेली होती, आणि प्रत्येक झटक्याला ती डोळे मिटत होती. ग्लोमोनं एक शिवी हासडली, ट्रॅक्टरकडे धावत गेला आणि मोठी पक्कड घेऊन आला. वरची तार टण्कन तुटली. मग मधली. सायकल धप्पकन गवतात पडली. नादेज बांधाच्या उरल्यासुरल्या दगडांवर टेकून बसली आणि तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"तेच हाड?"

"तेच."

"एवढं काय अडलंय तुझं? खाली रस्ता आहे चांगला."

"तू जाऊन बघ एकदा सायकलवरून."

"मला काय वेड लागलंय?"

"मग मलाही लागलेलं नाही."

ग्लोमो गवताची काडी तोडत राहिला. मग एकदम बोलायला लागला, तिच्याकडे न बघता. त्याच्या बापाच्या वेळी इथं साधं लाकडी फाटक होतं. शिकारी आले, उघडं टाकून गेले. गाय रस्त्यावर गेली आणि एका भाजीवाल्याची गाडी तिच्यावर आदळली. गाय गेली ती गेलीच, पण तो भाजीवाला पुढं कधी नीट चालला नाही. बाप त्याला दर महिन्याला भेटायला जायचा आणि घरी येऊन जेवायचा नाही. "त्यानंतर त्यानं तारा ठोकल्या. मला सांगून गेला, काही झालं तरी इथं फाटक करायचं नाही."

नादेज ऐकत होती. या माणसाशी ती एवढे महिने अबोल्याची लढाई खेळली, आणि हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

"हे सभेत का नाही बोललास?"

"सभेत कुणी असलं काही बोलतं का?"

ती खांदा धरून उठली. "रेजिस, तार तर तू कापलीसच आहेस. आता इथं फाटक लाव. दुसऱ्या टोकालाही. मी रोज चारदा जाते. चारदा बघेन."

"आणि दुसरा कुणी उघडं टाकून गेला तर?"

"तर मला बोलाव. गाई मी गोळा करीन, शिव्या पण मी खाईन."

या खेपेला तिचा खांदा फक्त मुरगळला होता. डॉक्टरांनी थोडे दिवस हात बांधून ठेवायला सांगितलं. ती परत कामावर निघाली, तेव्हा कुरणाच्या दोन्ही टोकांना लोखंडी फाटकं लागली होती. ग्लोमो कुठं दिसत नव्हता.

वाट मोकळी झाली, पण पूझच्या वर झऱ्याचं पाणी पसरायचं आणि तेवढ्या भागात चाक आसापर्यंत रुतायचं. सरपंचाला आता ही वाट फार गोड वाटायला लागली होती. त्यानं जुन्या खाणीतली बारीक खडी देऊ केली. ग्लोमोनं ट्रॅक्टर दिला, का तर म्हणे गाईंचे खूर चिखलात कुजतात. एका शनिवारी दोन्ही वाड्यांतली माणसं दाताळी, फावडी घेऊन आली. तिएरीच्या गिरणीतले ते हसणारे गडीही आले. चर काढून पाणी बाजूला नेलं, मोठे दगड खाली घातले, वर खडी पसरली. दुपारी बांधावर बसून सगळ्यांनी बटाट्याची पाई खाल्ली, साय भरून भट्टीत भाजलेली, गरम गरम, बोटं चाटत. पावाच्या गाडीपाशी टोमणे मारणाऱ्या बायकांनीच ती केली होती.

"आता तू शांबरोलला आमच्या आधी पोचतेस," त्यांतली एक म्हणाली. "आम्हाला ट्रकांमागे रांगेत थांबावं लागतं."

मादाम कूलोदाँला नादेजनं चाकांच्या खुर्चीत बसवून त्या वाटेवर नेलं. कितीतरी वर्षांत म्हातारी अंगणापलीकडे गेली नव्हती. वर चढावर, जिथून खालचं सगळं खोरं दिसतं, तिथं नादेज थांबली. म्हातारीचे डोळे भरून आले असावेत, पण ती म्हणाली एवढंच, "खडी जाड घातलीत गं. बूड हादरलं माझं."

पुढच्या उन्हाळ्यात परकी माणसं यायला लागली. जाड टायरच्या सायकली, दोन्ही बाजूंना बॅगा, चेहरे धुळीनं माखलेले. मोटारीचा आवाज नको म्हणून मुद्दाम अशा वाटा हुडकत फिरणारी माणसं. त्यांना ही वाट कशी सापडली कोण जाणे. एकानं दुसऱ्याला सांगितलं असेल. नादेज त्यांना वाटेत भेटायची, एप्रनची टोपली पुढं लटकवून, आणि चढावर त्यांच्या पुढं निघून जायची.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. एका टोळक्यानं फाटक उघडं टाकलं. ग्लोमोच्या कालवडी शेजारच्या सातूत शिरल्या आणि सगळं उभं पीक तुडवून टाकलं. रस्त्यापर्यंत गेल्या नाहीत, एवढंच नशीब. नादेजला कळलं तेव्हा ती मादाम कूलोदाँचे केस धूत होती. टॉवेल गुंडाळून तिला खुर्चीत बसवलं, आणि ही रबरी हातमोज्यांसकट धावली. कालवडी तिनं हाकून आणल्या, ग्लोमोच्या शिव्या ऐकून घेतल्या, सातूवाल्याच्याही ऐकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाला साखळी आणि कुलूप होतं.

तिनं काय केलं? टोपली काढून पलीकडे ठेवली, सायकल उचलली, आणि फाटकावर चढायला लागली.

"उतर खाली!" ग्लोमो गोठ्यातून ओरडला. "हाड मोडशील पुन्हा!"

"कुलूप तुझं आहे. हाड माझं आहे."

"आठवडाभर तरी बंद राहू दे की, माझे आई!"

"मादाम कूलोदाँ आठवडाभर अंघोळीची थांबेल का?"

त्या संध्याकाळी तिएरी गिरणीतून लोखंडाचं एक जड चाक घेऊन आला. कुठल्यातरी जुन्या यंत्राचं होतं. त्यानं ते साखळीला बांधून फाटकाच्या खुंटावरून असं लटकवलं, की फाटक ढकललं की चाक वर जायचं, आणि सोडलं की चाकाच्या भारानं फाटक आपोआप मिटायचं. ग्लोमो हाताची घडी घालून बघत उभा होता. मग त्यानं स्वतः फाटक उघडून सोडलं. ते धाडकन बंद झालं. पुन्हा उघडलं, पुन्हा सोडलं. अर्धवट उघडून सोडलं. लाथ मारून पाहिली. शेवटी खिशातून किल्ली काढून कुलूप काढलं आणि तिएरीला म्हणाला, "दुसऱ्या फाटकाला कधी करतोस?"

मादाम कूलोदाँ त्याच हिवाळ्यात गेली, आपल्या बिछान्यात, नादेजनं पेटवलेल्या चुलीपाशी. शेवटच्या दिवसापर्यंत तिला सूप ढवळायला घड्याळाकडे न बघणारं माणूस मिळालं.

नादेजचं काम संपत आलंय आता, वयानं. पण शांबरोलच्या पलीकडे बंद पडलेल्या जुन्या रेल्वेमार्गापर्यंत आणखी एक वाट होती, आणि ती जाळ्यांनी गिळलीय, हे तिनं गेल्याच वर्षी सगळ्यांना सांगून टाकलंय. यंदा जानेवारीत तिनं तिथं कोयता घातला. या वेळी ती एकटी नव्हती. तिएरी होता, पावाच्या गाडीपाशी जमणाऱ्या दोघी होत्या, आणि व्हिर्जिनीसुद्धा आली होती, या खेपेला चांगले जाड बूट घालून. ग्लोमो आपल्या ट्रॅक्टरवर बसून लांबून बघत होता.

"मदत करायला आलास का?" नादेजनं विचारलं.

"छे. माझी जमीन नाही इथं. माझा काय संबंध?"

"मग उतर खाली. ही फांदी धर."

तो उतरला.